पिण्याचे पाणी आणि संडास : जगाचा प्रश्न, आपल्या शिवाराचाही



या पत्रिकेत आपण नेहमी बेणे, खोडवा, खताचे हप्ते, तोडणीचा कार्यक्रम आणि साखरेचा उतारा यांविषयी वाचता. पाण्याविषयीही आम्ही वेळोवेळी लिहितो, पण ते उसाच्या पाण्याविषयी. या अंकात मात्र माणसाच्या पाण्याविषयी लिहायचे ठरविले आहे. त्याच्या जोडीला असा एक विषय घेतला आहे की जो चारचौघांत काढायला आपल्याकडे अजून संकोच वाटतो. तो म्हणजे संडास. हे दोन विषय वेगळे दिसतात, पण ते एकाच दोरीची दोन टोके आहेत. एक टोक सोडून दुसरे ओढले तर गाठ सुटत नाही, हे जगाने फार मोठी किंमत देऊन शिकलेले आहे.

एकरभर ऊस आणि चारशे माणसे

आधी एक साधा हिशेब मांडू. जागतिक अन्न व शेती संघटनेच्या माहितीप्रमाणे उसाच्या पिकाला हवामानाप्रमाणे १,५०० ते २,५०० मिलिमीटर पाणी लागते. त्यात पावसाचे पाणी आले, आपण पाटाने किंवा ठिबकने दिलेलेही आले. मधला आकडा २,००० मिलिमीटर धरला, तर एका एकरावर उभ्या असलेल्या पाण्याचे माप होते सुमारे ८० लाख लिटर.

आता माणसाचे माप घेऊ. केंद्र सरकारच्या जलजीवन मिशनने खेड्यातील माणसाला दररोज ५५ लिटर पाणी मिळावे असे प्रमाण ठरविले आहे. पिणे, स्वयंपाक, अंघोळ, भांडी, धुणे हे सगळे त्यात धरलेले आहे. वर्षाचे झाले सुमारे २० हजार लिटर. म्हणजे एक एकर उसाला जेवढे पाणी लागते, तेवढ्यात चारशे माणसांचे वर्ष निघते.

हा हिशेब आम्ही उसाला दोष देण्यासाठी मांडलेला नाही. ऊस हे आपले पोट आहे. सांगायचे ते इतकेच की माणसाला लागणारे पाणी शेतीच्या मानाने अगदी थोडे आहे. जगात ज्यांच्या घरी चांगले पाणी नाही त्यांच्यापैकी पुष्कळांच्या जवळून नदी वाहते, गावात विहीर असते, पावसाळ्यात तर पाणी दारात येते. ते घरात पोचवायची आणि शुद्ध राखायची व्यवस्था तेवढी नसते. दुष्काळी भाग सोडला, तर बहुतेक ठिकाणी तुटवडा पाण्यापेक्षा व्यवस्थेचा आहे.

जगाची मोजदाद काय सांगते

जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफ या दोन संस्था मिळून या गोष्टीची मोजदाद ठेवतात. त्यांचे २०२४ सालचे आकडे असे आहेत. जगात २१० कोटी माणसांना सुरक्षित पिण्याचे पाणी मिळत नव्हते. म्हणजे दर चार माणसांत एक. त्यांपैकी १० कोटी ६० लाख माणसे तर नदी, ओढा, तळे यांचे पाणी कसलीही प्रक्रिया न करता तसेच पीत होती. सुरक्षित संडासाची सोय नसलेले लोक होते ३४० कोटी, आणि त्यांतील ३५ कोटी ४० लाख उघड्यावर जात होते. घरात साबण-पाण्याने हात धुण्याची सोय नसलेले १७० कोटी.

'सुरक्षित' हा शब्द इथे मोघम वापरलेला नाही. पाणी सुरक्षित म्हणायचे तर तीन अटी आहेत. ते घरात किंवा अंगणात मिळाले पाहिजे, लागेल तेव्हा मिळाले पाहिजे, आणि त्यात मैल्याचे जंतू किंवा घातक रसायने नसली पाहिजेत. नळ आला पण चार दिवसांतून एकदा येतो, किंवा रोज येतो पण गढूळ येतो, तर ते या यादीत बसत नाही. संडासाचेही तसेच. भांडे आणि चार भिंती असल्या म्हणजे झाले असे नाही. तो एका कुटुंबाचा स्वतःचा हवा आणि त्यातला मैला जागच्या जागी निर्धोकपणे जिरला पाहिजे किंवा दुसरीकडे नेऊन त्यावर नीट प्रक्रिया झाली पाहिजे.

या कसोट्या आपल्या गावाला लावून पाहाव्यात, अशी आमची विनंती आहे. जगाचे आकडे मग फार लांबचे वाटणार नाहीत.

मोजदादीची चांगली बाजूही सांगितली पाहिजे. २०१५ पासून २०२४ पर्यंत जगातल्या ९६ कोटी लोकांना नव्याने सुरक्षित पाणी मिळाले. आपल्या देशात १५ ऑगस्ट २०१९ रोजी जलजीवन मिशन जाहीर झाले तेव्हा खेड्यांतील ३ कोटी २३ लाख घरांतच नळ होता. २०२५ मध्ये ही संख्या १५ कोटींच्या वर गेली. काम होऊ शकते, हे यावरून दिसते. मात्र नळ येणे आणि नळातून शुद्ध पाणी येणे यांत जे अंतर आहे, ते गावालाच तोडावे लागते.

'पाणी तर गोड लागतंय'

पाण्याविषयी गावात बोलायला गेले की एक वाक्य हमखास ऐकू येते : "आमच्या विहिरीचं पाणी काचेसारखं हाय, गोड लागतंय, त्याला काय झालंय?" याचे उत्तर इतिहासाने देऊन ठेवले आहे.

१८५४ साली लंडन शहराच्या सोहो भागात पटकीची, म्हणजे कॉलऱ्याची साथ आली. त्या काळी जगातले सर्वांत श्रीमंत शहर ते. ब्रॉड स्ट्रीट नावाच्या रस्त्यावर एक हातपंप होता आणि आसपासचे लोक त्याचेच पाणी पीत. थोड्याच दिवसांत तिथे सहाशेच्या वर माणसे मेली. पटकी घाण हवेने होते अशी तेव्हाच्या वैद्यांची समजूत होती. डॉ. जॉन स्नो यांनी मात्र मेलेल्यांची घरे नकाशावर टिपली आणि सगळ्या खुणा त्या पंपाभोवती गोळा झालेल्या दाखविल्या. त्यांच्या सांगण्यावरून ८ सप्टेंबर १८५४ रोजी पंपाचा दांडा काढण्यात आला.

त्या पंपाचे पाणी चवीला चांगले म्हणून प्रसिद्ध होते. तिथून दूर हॅम्पस्टेडला राहायला गेलेली एक विधवा बाई चवीसाठी तेच पाणी मुद्दाम मागवून पीत असे. तिच्या आजूबाजूला साथीचा मागमूस नव्हता, तरी ती पटकीने गेली. पुढे शोध घेतला तेव्हा कळले की पंपाच्या विहिरीपासून जेमतेम तीन फुटांवर एका घराचा मैल्याचा खड्डा होता आणि त्याची बांधणी ढासळलेली होती. त्या घरातल्या एका आजारी तान्ह्या मुलाची दुपटी धुतलेले पाणी त्यात ओतले जात होते.

दुसरी गोष्ट जर्मनीतील हॅम्बुर्गची. १८९२ साली तिथे पटकीने साडेआठ हजारांच्या आसपास लोक मेले. हॅम्बुर्गला लागूनच आल्टोना हे गाव होते, दोघांची घरे एकमेकांना भिडलेली. दोन्ही गावे एल्ब नदीचेच पाणी पीत. आल्टोना तर खालच्या अंगाला, म्हणजे हॅम्बुर्गची घाण मिसळलेले पाणी त्याच्या वाट्याला येई. तरी आल्टोना बरेचसे वाचले. कारण एवढेच की तिथे पाणी वाळूच्या थरांतून गाळून सोडत आणि हॅम्बुर्गमध्ये तसेच सोडत. एकाच रस्त्याच्या एका बाजूला साथ आणि दुसऱ्या बाजूला सुखरूप माणसे, असे दृश्य तिथे दिसले.

तेव्हा डोळ्यांना स्वच्छ आणि जिभेला गोड ही पाण्याची परीक्षा नव्हे. जंतू दिसत नाहीत आणि त्यांना चव नसते. "आजवर तेच पाणी पितोय" हेही उत्तर पुरे नाही. मोठ्या माणसाला सवयीने सोसते ते तान्ह्या मुलाला सोसत नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाप्रमाणे असुरक्षित पाणी, संडासाची गैरसोय आणि हात न धुणे यांमुळे २०१९ या एका वर्षात जगात १४ लाख माणसे मेली. त्यांतील ३ लाख ९५ हजार पाच वर्षांखालची मुले होती.

मैला तोंडापर्यंत येतो कसा

हगवण, पटकी, विषमज्वर, कावीळ, जंत ही सगळी मंडळी एकाच वाटेने येतात. एकाच्या मैल्यातून निघतात आणि दुसऱ्याच्या तोंडात जातात. ऐकायला किळस वाटेल, पण वस्तुस्थिती तशी आहे. मधल्या वाटा पाच. पहिली बोटे : परसाकडून आल्यावर, मुलाचे ढुंगण धुतल्यावर नुसत्या पाण्याने किंवा मातीने हात चोळून तेच हात पिठात घातले जातात. दुसरी माश्या : उघड्या मैल्यावर बसलेली माशी पुढच्या घडीला भाकरीवर असते. तिसरी शेत : बांधाच्या आडोशाला केलेली घाण पायाने घरात येते, भाजीपाल्याला लागते, आणि अनवाणी पायातून हूक जंत शरीरात शिरतो. चौथी पाणी : पावसाच्या पहिल्या लोंढ्याबरोबर सगळे ओढ्यात, आणि ओढ्यातून विहिरीत. पाचवी अन्न : वरच्या चारही वाटा शेवटी याच ठिकाणी येऊन मिळतात.

आता लक्षात येईल की नुसते पाणी शुद्ध केले तर एकच वाट बंद होते. संडास नीट असेल तर पाचही वाटांचे तोंड एकदम बुजते. आणि साबणाने हात धुतले की उरलेसुरले अडते. म्हणून आरंभी आम्ही म्हटले की पाणी आणि संडास ही एकाच दोरीची दोन टोके आहेत.

महाराष्ट्राला हे कुणी सांगितले नाही असे नाही. गाडगेबाबांनी हातात खराटा घेऊन आधी गाव झाडले आणि मग कीर्तन केले. कोकणात अप्पासाहेब पटवर्धनांनी कणकवलीच्या गोपुरी आश्रमात संडास आणि सफाई हेच देशकार्य मानून गरिबाला परवडतील असे संडास करून दाखविले. शिकवण जुनीच आहे. अंमल मात्र अर्धवट राहिला.

हैतीची साथ आणि छावणीचा धडा

या शतकातली एक घटना प्रत्येक कारखान्याच्या सभासदाने लक्षात ठेवावी अशी आहे. हैती हा वेस्ट इंडीज बेटांतला एक गरीब देश. जानेवारी २०१० मध्ये तिथे मोठा भूकंप झाला. पटकी त्या देशाला शंभर वर्षांत ठाऊक नव्हती. पण ऑक्टोबर २०१० मध्ये एकाएकी साथ उसळली. पुढच्या काही वर्षांत आठ लाखांहून अधिक लोक आजारी पडले आणि सुमारे दहा हजार मेले.

शोधाअंती कळले ते असे. नदीकाठी संयुक्त राष्ट्रांच्या शांतिसैनिकांची एक छावणी होती. तिथल्या संडासांची व्यवस्था कच्ची होती आणि मैला शेजारच्या ओढ्यात जात होता. तो ओढा आर्टिबोनीट नदीला मिळतो. त्या नदीच्या खोऱ्यात भाताची शेती आहे आणि शेतकरी, मजूर पाटाचे आणि नदीचे पाणी पितात. साथ त्या पाण्याबरोबर खाली गेली. २०१६ साली संयुक्त राष्ट्रांच्या सरचिटणीसांनी हैतीच्या जनतेची जाहीर माफी मागितली.

यात आजार घेऊन आलेल्या माणसाचा काही दोष नाही. आजारी कुणीही पडतो. परक्या मुलखात शेकडो माणसे आणून वसवायची आणि त्यांचा मैला कुठे जाईल याचा विचार करायचा नाही, दोष त्या व्यवस्थेचा. ज्याने छावणी उभी केली त्याची ती जबाबदारी होती.

आता आपल्या शिवाराकडे पाहू. दरवर्षी गळीत हंगामाला बीड, अहिल्यानगर, जालना आणि इतर भागांतून ऊसतोडीच्या टोळ्या येतात. पाच-सहा महिने ही मंडळी आपल्या गावाच्या कडेला, ओढ्याच्या काठाला, पडीक रानात कोप्या घालून राहतात. त्यांच्या कष्टावर आपला ऊस गव्हाणीत पडतो. त्यांना प्यायला पाणी कुठले? जवळ असेल त्या विहिरीचे, पाटाचे, कुणी दया केली तर नळाचे. संडास? बहुतेक तळांवर नाहीच. बायाबापड्यांनी पहाटे अंधारात उसाच्या सरीत जायचे, दिवसभर पाणी कमी प्यायचे, पाळीच्या दिवसांत आडोसा शोधायचा, आणि अंगावर दुखणी काढायची. हे कुणाला माहीत नाही असे नाही.

आमचे म्हणणे स्पष्ट आहे. तोडणीची उचल, वाहतुकीचा करार, मुकादमाचे कमिशन हे जसे हंगामापूर्वी ठरते, तसे प्रत्येक तळाला पिण्याचे पाणी आणि बायांना व पुरुषांना वेगळे संडास हेही हंगामापूर्वी ठरले पाहिजे. माणुसकीसाठी ते हवेच. ज्यांना माणुसकीचा हिशेब पटत नाही त्यांनी हैतीचा हिशेब पाहावा. तळाच्या मागचा ओढा आपल्याच विहिरीकडे वाहतो.

न उकळणारे विष

जंतूंचे झाले. पाण्यात आणखी एक जातीचा दोष असतो, तो उकळून जात नाही. याचे मोठे उदाहरण बांगलादेशचे. तिथे लोक पूर्वी तळ्यांचे पाणी पीत आणि मुले हगवणीने मरत. म्हणून गेल्या शतकाच्या उत्तरार्धात लाखो कूपनलिका घेण्यात आल्या. हगवण घटली. पण १९९३ साली त्या पाण्यात आर्सेनिक म्हणजे सोमल असल्याचे आढळले. तो तिथल्या जमिनीतलाच होता. खोलीतले पाणी म्हणजे शुद्ध पाणी असे धरून चालल्यामुळे कुणी त्याची तपासणी केली नव्हती. कोट्यवधी लोक वर्षानुवर्षे ते पीत राहिले. त्वचेवर चट्टे, पुढे कर्करोग अशी त्याची फळे आहेत.

आपल्या उसाच्या पट्ट्यात काळजी करायची ती नायट्रेटची. पिकाला लागेल त्यापेक्षा जास्त युरिया टाकला आणि वर मोकाट पाणी सोडले की उरलेले नत्र पाण्याबरोबर खाली झिरपते आणि विहिरीत उतरते. उकिरडे आणि मैल्याचे खड्डेही त्यात भर घालतात. भारतीय मानकाप्रमाणे पिण्याच्या पाण्यात दर लिटरला ४५ मिलिग्रॅमपेक्षा जास्त नायट्रेट असू नये. त्याहून अधिक असलेले पाणी बाटलीने दूध पिणाऱ्या तान्ह्या मुलाला दिले तर त्याच्या रक्ताची प्राणवायू वाहण्याची शक्ती कमी होते आणि मूल निळे पडू शकते. हे पाणी उकळले तर वाफ निघून जाते आणि नायट्रेट मागे उरते, म्हणजे पाणी उलट जास्त जहाल होते. म्हणून माती परीक्षणासारखे पाणी परीक्षणही नेमाने करावे. खताचा डोस माती परीक्षणाप्रमाणे आणि हप्त्याहप्त्याने देण्यात जसा खताचा पैसा वाचतो, तशी विहीरही वाचते.

साखर आणि मीठ

या विषयात आपल्या मालाचेही एक मानाचे स्थान आहे. हगवणीत आणि पटकीत माणूस मरतो तो अंगातले पाणी व क्षार निघून गेल्यामुळे. नुसते पाणी पाजले तर आतडे ते नीट शोषून घेत नाही. त्यात योग्य प्रमाणात साखर आणि मीठ असेल तर साखर आत शिरताना मिठाला बरोबर घेते आणि मिठामागून पाणी जाते.

१९७१ साली बांगलादेशच्या मुक्तियुद्धात लाखो निर्वासित पश्चिम बंगालमध्ये आले. बनगाव येथील छावणीत पटकीची साथ होती आणि शिरेतून देण्याचे सलाईन संपले होते. तेव्हा डॉ. दिलीप महालनबीस यांनी ग्लुकोज, मीठ आणि खाण्याचा सोडा यांचे पाणी पिंपांत भरून नातेवाइकांच्या हातूनच रोग्यांना पाजायला लावले. शंभरांत तीसच्या आसपास असणारे मृत्यूचे प्रमाण चारच्याही खाली आले. त्यांना २०२३ साली मरणोत्तर पद्मविभूषण मिळाले. आज दवाखान्यात मिळणारी ओआरएसची पुडी ती हीच. पुडी मिळेपर्यंत घरी एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ विरघळवून घोट घोट पाजत राहावे. चमचा चहाचा धरावा आणि मीठ जास्त होऊ देऊ नये. मूल सुस्त झाले, डोळे खोल गेले, लघवी बंद झाली, तर मात्र घरी वेळ न घालवता दवाखाना गाठावा.

नारू गेला तसा

"हे सगळं कधी सुधारायचं?" असे म्हणणाऱ्यांसाठी नारूची आठवण देतो. आपल्या जुन्या माणसांनी नारू पाहिला आहे. पायातून हातभर लांब दोऱ्यासारखा जंत बाहेर यायचा आणि तो काडीला गुंडाळत माणूस आठवडेच्या आठवडे पडून राहायचा. पायऱ्यांच्या विहिरीत नारूचा पाय बुडाला की त्याची अंडी-पिले पाण्यात सुटायची, तिथल्या बारीक किड्यांच्या पोटात जायची आणि ते पाणी पिणाऱ्याच्या अंगात वर्षाने नवा नारू तयार. या रोगावर ना लस, ना औषध.

तरीही तो गेला. पायऱ्या बुजवून विहिरींना कठडे व रहाट बसविले, हातपंप घेतले, पाणी दुपदरी फडक्याने गाळून प्यायची सवय लावली, रोग्याला पाण्यात उतरू दिले नाही. आपल्या देशातला शेवटचा रुग्ण १९९६ साली राजस्थानात आढळला आणि २००० साली जागतिक आरोग्य संघटनेने भारत नारूमुक्त असल्याचा दाखला दिला. जगात १९८६ साली नारूचे अंदाजे ३५ लाख रुग्ण होते. २०२४ साली ते १५ उरले. फडके, कठडा आणि लोकांचे एकमत यांनी हे केले.

आपण काय करावे

मोठ्या योजना सरकारच्या आहेत, त्या त्यांनी कराव्यात. पुढील कामे मात्र गावाच्या आणि घराच्या हातातली आहेत.

एक : विहिरीत टी.सी.एल. पावडर मापाने टाकावी. मापासाठी विहिरीचा व्यास मीटरमध्ये घ्यावा, त्याला त्यानेच गुणावे, मग पाण्याच्या खोलीने गुणावे, नंतर ३.१४ ने गुणून ४ ने भागावे. येईल त्या आकड्याइतके हजार लिटर पाणी आहे असे समजावे. दर हजार लिटरला अडीच ग्रॅम चांगली पावडर लागते. उदाहरणार्थ ४ मीटर व्यास आणि ३ मीटर पाणी असेल तर ३७ हजार ६८० लिटर पाणी होते आणि त्याला सुमारे ९४ ग्रॅम पावडर पुरते. पावडर बादलीत कालवावी, दहा मिनिटे निवळू द्यावी, वरचे पाणी दुसऱ्या बादलीत घेऊन ती विहिरीत बुडवून खालीवर हलवावी. तळाचा चुना विहिरीत टाकू नये. त्यानंतर एक तास पाणी भरू नये. हे काम रात्री केलेले बरे. डबा उघडा राहिला की पावडरीचा जोर जातो, हेही ध्यानात ठेवावे.

दोन : संडासाला दोन शोषखड्डे करावेत. एक भरला की तो बंद करून दुसरा चालू करावा. बंद खड्ड्यातल्या मैल्याचे दीड-दोन वर्षांत वास नसलेले खत होते आणि ते शेतात घालता येते. खड्डा पिण्याच्या विहिरीपासून किमान ५० फूट दूर असावा. भेगाळ खडक असेल तर त्याहून जास्त. सेप्टिक टाकी असेल तर तिच्यावरचे पाणी गटारीत सोडू नये आणि तिचा उपसा ओढ्यात ओतू देऊ नये. टाकीत माणूस उतरविणे तर प्राणाशी गाठ आहे. २०१३ च्या कायद्याने पुरेशा साधनांशिवाय असे काम करवून घेणे हा गुन्हा ठरविला आहे.

तीन : तान्ह्या मुलाची शी निरुपद्रवी असते ही समजूत सोडावी. लंडनची साथ एका दुपट्यापासून लागली. शी संडासातच टाकावी.

चार : साबण संडासापाशी आणि चुलीपाशी ठेवावा. पाणी पिंपातून काढायला लांब दांड्याचे ओगराळे किंवा खाली तोटी असावी. शुद्ध पाणी हात बुडवून काढले की सगळे केलेले वाया जाते.

पाच : वर्षातून दोन वेळा, पावसाळ्यापूर्वी आणि नंतर, पिण्याच्या पाण्याचा नमुना प्रयोगशाळेत पाठवावा. जंतू आणि रसायने दोन्ही तपासून घ्यावीत आणि निकाल ग्रामपंचायतीच्या फळ्यावर लिहावा.

सहा : आपल्या गावच्या तळावर टोळ्या उतरण्यापूर्वी पाण्याची टाकी आणि संडास यांची जागा ठरवावी. गटाचा शेतकी मदतनीस, ग्रामपंचायत आणि ज्यांच्या रानात तळ पडतो ते सभासद यांनी एकत्र बसावे. हंगाम सुरू झाला की कुणाला सवड नसते.

शहराला पाणी शुद्ध मिळते आणि आपल्यालाच मिळत नाही असे समजण्याचेही कारण नाही. २०२५ च्या जानेवारीत पुण्याच्या सिंहगड रस्ता परिसरात हातापायांची शक्ती जाणाऱ्या गुलेन बारी विकाराची साथ आली आणि तिचा संबंध दूषित पाण्याशी जोडला गेला. पाण्यावर लक्ष ठेवणे हे एकदा करून संपणारे काम नाही. ते रोजचे आहे, दूध काढण्यासारखे.

संयुक्त राष्ट्रांनी १९८१ ते १९९० हे पाणी आणि स्वच्छतेचे दशक म्हणून पाळले. २०१० साली शुद्ध पाणी हा माणसाचा हक्क ठरविला. आता २०३० सालापर्यंत सर्वांना पाणी व संडास असे उद्दिष्ट ठेवले आहे. ही उद्दिष्टे कागदावर राहतात की प्रत्यक्षात येतात हे गावागावांत ठरते. आपण सहकाराने उजाड माळावर कारखाना उभा केला, उपसा सिंचन योजना केल्या, मैलोन्मैल पाइप टाकून उसाला पाणी नेले. ज्या गावांनी एवढे केले, त्यांना चारशे माणसांचे एकरभर पाणी शुद्ध राखणे अवघड जाऊ नये.

येत्या ग्रामसभेत हा विषय प्रत्येक गावच्या सभासदांनी काढावा आणि काय ठरले ते गट कार्यालयात लेखी कळवावे, ही आमची सर्वांना आग्रहाची विनंती आहे.